अडीचशे वर्षांपूर्वीच्या डॉक्टरची पत्रं कशी वाचायची? नवख्यांसाठी वाटाड्या

२०२०च्या टाळेबंदीत माझा निम्मा दवाखाना फोनवर आला. मी तालुक्याच्या गावी चौतीस वर्षं प्रॅक्टिस केलेला माणूस. पेशंट समोर बसला, जीभ दाखवली, पोटावर हात ठेवून बघितलं की माझं अर्धं काम व्हायचं. आता व्हॉट्सॲपवर मेसेज यायचे, "डॉक्टर, आईला कालपासून कसंतरी होतंय." कसंतरी म्हणजे काय, हे काढून घेण्यात अर्धा तास जायचा. सरकारने टेलिमेडिसिनचे नियम २५ मार्च २०२०ला, म्हणजे टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी काढले. त्यामुळे हे सगळं नियमात बसलं, सोपं मात्र झालं नाही.

त्याच दिवसांत कळलं, की एडिंबरोचा विल्यम कलन हा डॉक्टर अठराव्या शतकात कधीही न पाहिलेल्या पेशंटना पत्राने सल्ला द्यायचा, आणि ती पत्रं आज कोणालाही घरबसल्या फुकट वाचता येतात. म्हटलं बघू तरी, या गृहस्थाने कसं निभावलं. पहिले पाच-सहा महिने मी ती पत्रं साफ चुकीच्या पद्धतीने वाचली. ते का, हे पुढे येईलच. तुमचे तेवढे महिने वाचावेत म्हणून हा लेख. त्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही. उलट नसाल तर दोन सवयी कमी मोडाव्या लागतील.

आधी जवळ काय काय ठेवावं

- मोठ्या पडद्याचा संगणक. मोबाइलवर मूळ पानाचं छायाचित्र आणि त्याखालचा मजकूर एकदम दिसत नाही, आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचण्यातच सगळं आहे.
- शब्दांचे जुने अर्थ सालवार देणारा इंग्रजी कोश. ऑक्सफर्डचा मोठा कोश उत्तम, मोठ्या ग्रंथालयांतून तो बघायला मिळतो. खिशातला कोश इथे तुम्हाला फसवेल.
- औषधचिठ्ठीतल्या लॅटिन संक्षेपांची आणि जुन्या वजनांची एक पानी यादी. स्वतःच्या हाताने लिहा, तशी ती लक्षात राहते.
- एक वही किंवा एक्सेलचा तक्ता. रकाने कोणते, ते पुढे सांगतो.
- इंग्रजी वाचनाची बऱ्यापैकी सवय. लॅटिन येत नसलं तरी अडत नाही.

१. कलन कोण, ते आधी समजून घ्या

अर्धा तास पुरे. जन्म १७१०, स्कॉटलंडमधल्या हॅमिल्टनचा. आधी ग्लासगोला आणि १७५५पासून एडिंबरोला प्राध्यापक. एडिंबरोत सुरुवात रसायनशास्त्र शिकवण्यापासून, मग वैद्यकात. व्याख्यानं लॅटिनऐवजी इंग्रजीत द्यायचा, म्हणून पोरं लांबलांबून यायची. ईथर उडवून कृत्रिम थंडी तयार करण्याचा प्रयोग त्याने केला, म्हणजे तुमच्या फ्रिजच्या खापरपणजोबांमध्येही त्याचं नाव आहे. १७६९मध्ये त्याने रोगांची चार वर्गांत मांडणी केली, आणि 'न्यूरोसिस' हा शब्द त्याचाच. वारला १७९० साली.

आपल्याकडे हे नाव अगदीच अनोळखी नाही. महाराष्ट्रात होमिओपॅथी शिकणाऱ्या प्रत्येकाने ते पहिल्या वर्षालाच ऐकलेलं असतं. कलनच्या औषधांवरच्या ग्रंथाचं जर्मन भाषांतर १७९०मध्ये होमिओपॅथीचा जनक हानेमान याने केलं. सिंकोनाची साल तापावर का चालते, याचं कलनने दिलेलं कारण त्याला पटेना, म्हणून त्याने ती स्वतः घेऊन बघितली. तिथून पुढचा इतिहास आपल्या गल्लोगल्लीच्या पाट्यांवर आहे.

एवढं झालं की थांबा. मी त्याची सगळी रोगमांडणी पाठ करायला बसलो होतो. पत्रं वाचायला तिचा फारसा उपयोग झाला नाही. वर्गात शिकवणारा कलन आणि पत्र लिहिणारा कलन यांत बरंच अंतर आहे.

२. एकच संग्रह धरा

कलनची पत्रं एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जपलेली आहेत. ग्लासगो विद्यापीठ आणि हे कॉलेज यांनी मिळून ती 'द कलन प्रोजेक्ट' या नावाने सर्वांसाठी खुली केली. पाच हजारांहून जास्त कागद आहेत. प्रत्येकाचं छायाचित्र असतं, आणि मजकूर दोन रूपांत: एक जसाच्या तसा, खाडाखोडीसकट, आणि दुसरा आजच्या वाचकासाठी सुबक केलेला.

नवख्याने सुबक रूप आधी वाचावं. मग मूळ छायाचित्र. मी उलटं केलं, अक्षर लावण्यात आठ दिवस घालवले आणि पत्रात काय आहे तेच हरवून बसलो. मोडी शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरा मोह म्हणजे हा संग्रह अर्धवट टाकून लंडन, पॅरिस, लोझान असं भटकणं. निदान एखादं वर्ष एकाच डॉक्टरबरोबर काढा. त्याचं नेहमीचं म्हणणं काय, हे कळल्याशिवाय त्याने वेगळं काय म्हटलं हे दिसत नाही.

३. मजकुराआधी टपाल वाचा

या लेखातली एकच पायरी लक्षात राहणार असेल, तर ही राहू द्या.

पत्र उघडलं की आजार शोधायची घाई करू नका. आधी चार प्रश्न विचारा. पत्र कोणी लिहिलं? कोणाबद्दल? कोणाच्या नावे? खर्च कोणाचा?

लिहिणारा आणि पेशंट एकच असेल असं धरून चालणं, हा सगळ्यात मोठा खड्डा. कधी पेशंट स्वतः लिहितो. कधी नवरा, बाप, भाऊ, गावचा पाद्री. आणि बरेचदा लिहिणारा असतो तिथला स्थानिक सर्जन-अपॉथिकरी. त्या काळी फिजिशियन म्हणजे विद्यापीठात शिकलेला, सल्ला देणारा. सर्जन हाताने काम करणारा, अपॉथिकरी औषध तयार करून देणारा. खेड्यापाड्यांत शेवटची दोन कामं एकच माणूस करायचा. त्याने लिहिलेल्या पत्रात एक गोष्ट ओळीओळींतून जाणवते: आपण आतापर्यंत जे केलं ते चुकलं तर नाही ना, ही धाकधूक. मी स्वतः मोठ्या शहरातल्या स्पेशालिस्टला पेशंटबरोबर चिठ्ठ्या लिहीत आलोय, त्यामुळे हा सूर मला लगेच ओळखू आला. आपण दिलेली औषधं चिठ्ठीत जरा नीटनेटकी करून लिहिली जातात. तिथेही तसंच.

मध्यस्थ किती लांबलचक असू शकतात, याचं प्रसिद्ध उदाहरण डॉ. सॅम्युअल जॉन्सनचं. कोशकार जॉन्सन १७८४च्या सुरुवातीला लंडनमध्ये दमा आणि अंगावरची सूज यांनी बेजार होता. त्याचा मित्र बॉझवेल एडिंबरोत. जॉन्सनने बॉझवेलला लिहिलं, बॉझवेलने मार्च १७८४मध्ये कलन, होप आणि मन्रो या तिथल्या तीन नामांकित डॉक्टरांना लिहिलं, त्यांची उत्तरं बॉझवेलमार्फत परत लंडनला. पेशंटला तिघांपैकी कोणीही तपासलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरात जॉन्सन वारला.

आता खर्च. ब्रिटनमध्ये १८४०पूर्वी टपालहशील सहसा पत्र घेणारा भरायचा, आणि ते किती कागद आणि किती अंतर यावर ठरायचं. पाकीट वापरलं तर तो आणखी एक कागद धरला जायचा. म्हणून पत्राचाच कागद दुमडून, त्यावर लाखेचा ठसा मारून बाहेर पत्ता लिहीत. काही पत्रं कागदाच्या कडेपर्यंत खचाखच भरलेली, मग आडवी फिरवून समासात लिहिलेली दिसतात ती यामुळे. ते दिसलं की "केवढी तळमळ" असं वहीत लिहू नका. कदाचित हशील वाचवलं असेल. डॉक्टरची फी वेगळी, ती गिनीत मोजत. एक गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. त्यामुळे अशा पत्रांत गोरगरीब कमी भेटतात. भेटलेच तर त्यांच्या वतीने जमीनदार किंवा पाद्री लिहीत असतो.

४. प्रश्न आणि उत्तर जोडीने लावा

संग्रहात एकाच रुग्णाचे कागद एका प्रकरणाखाली जोडलेले असतात. ती जोडणी वापरा. नुसती उत्तरं वाचत गेलात तर कलन फार आत्मविश्वासाचा माणूस वाटतो. नुसते प्रश्न वाचलेत तर सगळा देशच मरणपंथाला लागलेला वाटतो.

पण मुळात डॉक्टरने पाठवलेलं उत्तर डॉक्टरच्याच घरी कसं उरलं? आधी लेखनिक प्रत्येक उत्तराची हाताने नक्कल करून ठेवायचे. १७८१पासून कलनने जेम्स वॉटचं नक्कलयंत्र वापरायला सुरुवात केली. हो, तोच वाफेच्या इंजिनाचा वॉट. खास शाईने लिहिलेल्या पत्रावर ओलसर पातळ कागद ठेवून दाबायचा, म्हणजे थोडी शाई त्यावर उतरते. अक्षरं उलटी उमटतात, पण कागद इतका पातळ की मागच्या बाजूने सुलटी वाचता येतात. वॉटने या यंत्राचं पेटंट १७८०मध्ये घेतलं होतं. म्हणजे नवं यंत्र बाजारात येताच सत्तरीच्या डॉक्टरने ते कामाला लावलं. आमच्या पिढीतले काहीजण अजून पेनाने केसपेपर लिहितात, मीही त्यातलाच.

इथे दोन सापळे आहेत. पहिला, यंत्राच्या नकला फिक्या आणि फुगीर असतात. एखादा आकडा अस्पष्ट दिसला तर तो गृहीत धरू नका, जसाच्या तसा उतारा काय म्हणतो ते बघा. दुसरा, हाताने केलेली नक्कल म्हणजे लेखनिकाचं अक्षर. ते बघून कलनच्या हाताबद्दल आणि वयाबद्दल तर्क लढवू नका. मी लढवले होते.

५. अक्षर आणि तारखा

यात फार वेळ घालवू नका, चार गोष्टी पुरतात. शब्दाच्या मध्ये येणारा लांबट 'एस' हुबेहूब 'एफ'सारखा दिसतो. काही शब्दांची शेवटची अक्षरं बारीक करून वर चढवलेली असतात, आपल्या 'रा. रा.'सारखीच काटकसर. तारखेपुढे 'इन्स्टंट'चा संक्षेप असेल तर चालू महिना, 'अल्टिमो'चा असेल तर मागचा महिना. हे चुकलं की आजार एका महिन्याने लांबतो.

कलनच्या काळात सालाचा घोळ नाही. पण पुढे मागच्या पिढीची इंग्लंडमधली पत्रं वाचणार असाल तर सांगून ठेवतो. १७५२पूर्वी तिथे सरकारी वर्ष २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे जानेवारी ते मार्चच्या पत्रांवर कधी मागचं साल, कधी दोन्ही सालं तिरकी रेघ मारून लिहिलेली आढळतात.

६. ओळखीचे शब्द अनोळखी समजा

अनोळखी शब्दाचं काही नसतं, तो अडतो म्हणून आपण कोश उघडतो. ओळखीचा शब्द अडत नाही, तो सरळ आत घुसतो आणि सगळा अर्थ बिघडवतो.

'हॅबिट' म्हणजे सवय असं वाचलंत तर संपलं. इथे तो शरीराच्या घडणीला म्हणतात. 'फुल हॅबिट'चा माणूस म्हणजे अंगाने भरलेला, रक्ताचा जोर असलेला. 'कॉन्स्टिट्यूशन' म्हणजे प्रकृती. याबाबतीत आपण मराठी वाचक नशीबवान. आपण "प्रकृती कशी आहे?" असंही विचारतो आणि "माझी प्रकृती पित्ताची" असंही म्हणतो. एकाच शब्दात आजची तब्येत आणि जन्मजात ठेवण दोन्ही. ही पत्रं नेमकी त्याच समजुतीवर चालतात, त्यामुळे पाठ्यपुस्तकी इंग्रजीपेक्षा आजीची मराठी इथे जास्त कामी येते. पण म्हणून युरोपियन वैद्यक म्हणजे आयुर्वेदच, अशी उडी मारू नका. शब्द शेजारी बसतात, मागचा विचार वेगळा आहे.

'फिजिक' म्हणजे औषध, आणि बरेचदा रेचक. 'कोर्सेस' म्हणजे पाळी. 'ग्रॅव्हल' म्हणजे लघवीतून जाणारी खर. 'ड्रॉप्सी' म्हणजे पाणी साठून आलेली सूज, मग कारण काहीही असो. 'हायपोकॉन्ड्रिया' आजच्यासारखा "उगाच आजाराची भीती" नाही. नावच बरगड्यांखालच्या भागावरून आलेलं, आणि पचनाच्या तक्रारी, उदासपणा, अंगदुखी असं सगळं त्यात येतं. 'गाऊट' (पायाच्या अंगठ्याचा सांधा सुजवणारा आजार) तर आजच्या गाऊटइतकी आज्ञाधारक नव्हतीच. ती अंगठ्यातून निघून पोटात, छातीत, डोक्यात फिरायची, आणि ती परत पायात आली की घरचे सुटकेचा श्वास सोडायचे. 'फीवर' हे लक्षण नसून पूर्ण आजाराचं नाव असतं. थर्मामीटर रोजच्या तपासणीत नव्हता, त्यामुळे ताप म्हणजे नाडी, तोंडाची कोरड, हुडहुडी, घाम.

स्कॉटिश बोलीही मध्येच डोकावते. 'होस्ट' म्हणजे पाहुणचार करणारा नव्हे, खोकला! 'द रोज' म्हणजे गुलाब नव्हे, विसर्प. त्वचेवर लालभडक पसरणारी सूज. अशा शब्दांची यादी स्वतः करत जा.

७. औषधचिठ्ठी उलगडायला शिका

ही पायरी लोकांना सगळ्यात अवघड वाटते. आपल्याला ती सोपी जायला हवी, कारण त्यातलं निम्मं आजही आपल्या औषधांच्या चिठ्ठीवर असतं. 'बीडी', 'टीडीएस', 'एचएस' हे लॅटिनच आहे: दिवसातून दोनदा, तीनदा, झोपताना. 'एसओएस'चा जहाज बुडण्याशी संबंध नाही, "गरज पडल्यास" या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरं. वर डाव्या कोपऱ्यात 'आरएक्स' लिहितो, ते "घे" अशी औषधवाल्याला केलेली आज्ञा. कलनच्या चिठ्ठ्याही तशाच सुरू होतात. मग घटक, मग "मिसळ", "गोळ्या कर", "काढा कर" अशी क्रियापदं, आणि शेवटी पेशंटसाठीची सूचना.

वजनं मात्र पाठ करावी लागतील. २० ग्रेनचा १ स्क्रुपल, ३ स्क्रुपलचा १ ड्रॅम, ८ ड्रॅमचा १ औंस, आणि १२ औंसांचा १ पौंड. बाराच, किराणा मालाच्या पौंडासारखे सोळा नाहीत. १ ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम, आपल्या गुंजेच्या अर्ध्याहून थोडा जास्त. ॲस्पिरिनची जुनी मोठी गोळी ३२५ मिलिग्रॅमची का, याचं उत्तरही इथेच आहे: पाच ग्रेन.

सापळा चिन्हांचा. ड्रॅमचं चिन्ह हाताने काढलेल्या रोमन झेडसारखं किंवा इंग्रजी तीनच्या आकड्यासारखं दिसतं, आणि त्यावर एक आडवं फटकारं वाढवलं की तो औंस होतो. एक रेघ चुकली की मात्रा आठपट. आकडे रोमन असतात, शेवटचा 'आय' लांबवून 'जे' करतात, म्हणजे मागून कोणी एक वाढवू नये. 'एसएस' म्हणजे अर्धा.

रक्त काढण्याचं मापही औंसात. आठ-दहा औंस वाचून अंगावर काटा येतो, पण हिशेब करा: अडीचशे-तीनशे मिलिलिटर. रक्तदान शिबिरात आपण ३५० देतो आणि वर बिस्किट खातो. फरक असा, की आपण धडधाकट असताना देतो, ते आजारी असताना आणि पुन्हा पुन्हा काढायचे.

औषधांत ओळखीचे चेहरे भेटतील. सोनामुखी, रेवाचिनी, एरंडेल, अफूचा अर्क. उन्मादाच्या झटक्यांवर हिंग! फोडणीच्या डब्यातला हिंग तिकडे गोळ्या करून देत होते. 'द बार्क' म्हणजे सिंकोनाची साल. कोयनेल तिच्यातून वेगळं निघालं १८२०मध्ये, त्याआधी सालीची पूडच. आणि त्यांच्या शेजारी पारा असलेलं कॅलोमेल, अँटिमनीचं वांतीचं औषध, स्पॅनिश माशीच्या पुडीने अंगावर मुद्दाम फोड आणणं.

म्हणून ठळक इशारा: यातलं काहीही करून बघू नका. "नैसर्गिक आहे, जुनं आहे, चालतंय" असं म्हणणारे भेटतील. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी यातली एक रेचकाची कृती उतरवून मागितली होती. दिली नाही.

८. उत्तराचा लांब भाग गाळू नका

चिठ्ठी उलगडता आली की माणूस तिच्याच प्रेमात पडतो आणि आधीची पानं उलटून जातो. उत्तरातला मोठा वाटा बरेचदा पथ्याचा असतो. जेवण काय आणि दारू किती, घोडेस्वारी रोज किती, झोप, हवा, कोठा साफ आहे की नाही, आणि मन. युरोपात हे सहा विषय पूर्वापार एकत्र घेतले जात. फ्लॅनेलचे आतले कपडे घाला, शेळीच्या दुधाची निवळी प्या, हवापालटाला जा, अमुक ठिकाणच्या झऱ्याचं पाणी घ्या.

हे वाचताना पेशंट कोण आहे ते पुन्हा बघा. पथ्य त्याच्या ऐपतीला आणि रोजच्या आयुष्याला बेतलेलं असतं. ज्याच्याकडे घोडाच नाही त्याला घोडेस्वारी सांगून उपयोग काय, हे कलनला पत्रावरून ताडावं लागायचं. मला वाटतं, त्याची खरी हुशारी इथे दिसते, चिठ्ठीत नाही.

९. निदान करू नका

आता माझ्या वाया गेलेल्या महिन्यांबद्दल.

मी प्रत्येक पत्र वाचून समासात लाल पेनाने शेरा मारायचो. "थायरॉइड?" "मधुमेह?" "हार्ट फेल्युअर, नक्की." फार मजा यायची. कलनला जे कळलं नाही ते मला कळतंय, ही मजा होती ती. मग एकदा जुनी वही चाळताना लक्षात आलं, की एकाच पेशंटच्या तीन पत्रांवर मी तीन वेगळे रोग लिहिलेत, आणि तिन्हींपुढे "नक्की".

चुकतं कुठे ते सांगतो. पत्रातली लक्षणं म्हणजे तपासणीचा अहवाल नव्हे. लिहिणाऱ्याला जे महत्त्वाचं वाटलं, जे सांगायला लाज वाटली नाही आणि कागदावर मावलं, तेवढंच आलेलं असतं. त्याच्या डोक्यातही त्या काळचं वैद्यक असतं. गाऊट फिरते असं मानणारा माणूस दुखणी त्याच क्रमाने सांगतो.

आणि कलनला न बघता सल्ला देणं आपल्याइतकं विचित्र वाटत नसावं, हेही ध्यानात घ्या. स्टेथोस्कोप निघाला १८१६मध्ये, पॅरिसला, लेनेकच्या हातून. त्याआधी समोर बसलेल्या पेशंटच्या बाबतीतही डॉक्टरचा मुख्य आधार म्हणजे त्याची हकीकत, नाडी, जीभ, लघवी. नीट लिहिलेली हकीकत आणि नाडीचे ठोके पत्रात आले, तर फार काही निसटलं असं त्याला वाटायचं कारण नव्हतं. टाळेबंदीत माझं जे अडत होतं, ते त्याचं अडत नव्हतं. माझी बोटं पोटावर जायला सोकावलेली होती.

तेव्हा लाल पेन बाजूला ठेवा. विचारा: या माणसाने आपलं शरीर कसं पाहिलं? कशाला घाबरला? डॉक्टरकडून त्याला औषध हवंय, की "हे मरणाचं नाही" एवढंच?

१०. वहीचे रकाने

मी ठेवतो ते असे: तारीख, कुठून, लिहिणारा, पेशंट आणि नातं, लिहिणाऱ्याच्या शब्दांत तक्रार (भाषांतर न करता), आधी काय काय करून झालं, कलनचं मत, पथ्य, चिठ्ठी, पुढचं पत्र आहे का. शेवटी एक रकाना, "काय सांगितलं नाही".

हा शेवटचा रकाना भरायला तिसो या स्विस डॉक्टरची मदत घ्या. लोझानच्या तिसोने १७६१च्या आपल्या लोकांसाठीच्या आरोग्यग्रंथात, डॉक्टरला दुरून विचारणाऱ्याने कोणत्या प्रश्नांची उत्तरं द्यावीत, याची यादीच छापली. वय काय, आधी तब्येत कशी होती, दुखणं कधीपासून आणि कसं सुरू झालं, ताप आहे का, झोप, भूक, तहान, शौच. बाईमाणूस असेल तर पाळी आणि गर्भारपण. मूल असेल तर दात, जंत, देवी. ही यादी घेऊन पत्रावरून फिरा. कोणतं उत्तर गायब आहे ते टिपा. कोविडच्या दुसऱ्या लाटेत अशीच एक यादी मराठीत करून मी पेशंटच्या घरच्यांना पाठवायला लागलो. "कसंतरी" बरंच कमी झालं.

११. पुढचे संग्रह

कलनचं अक्षर-वळण अंगवळणी पडलं की मागे जायचं तर लंडनचा सर हॅन्स स्लोन (१६६०–१७५३). याच्याच संग्रहातून ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं. त्याला आलेली पत्रं ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि बऱ्याच पत्रांचा शोध संगणकावरही घेता येतो. फ्रेंच येत असेल तर तिसोची पत्रं लोझानला आहेत. येत नसेल तर यंत्राच्या भाषांतरावर विसंबून औषधांच्या मात्रा उतरवू नका.

पहिलं पत्र कोणतं घ्यावं?

नामवंत पेशंट नको. त्यांच्याबद्दल इतकं लिहून झालेलं असतं की पत्र वाचायच्या आधीच शेवट ठाऊक असतो. १७८१नंतरचं, निदान चार कागदांचं, स्थानिक सर्जनने सुरू केलेलं आणि मध्येच घरच्यांनी हाती घेतलेलं एखादं प्रकरण शोधा. एका बैठकीत एकच.

आणि बरीच प्रकरणं अध्येमध्येच तुटतात, याची तयारी ठेवा. कलनने सांगितलेलं असतं, इतक्या आठवड्यांनी कळवा. त्यानंतर काहीच नसतं. पेशंट बरा झाला म्हणून लिहिलं नाही, गेला म्हणून लिहिलं नाही, की कागद गहाळ झाला, हे पत्रावरून ठरवता येत नाही. सुरुवातीला मी अशा ठिकाणी "मृत्यू?" असं लिहून टाकायचो. आता त्या रकान्यात शेवटच्या पत्राची तारीख लिहितो आणि पुढचा भाग कोरा ठेवतो.